बाबांची किडनी आणि आत्याच्या गळ्यातल्या चार ग्रंथी

२०१९ च्या मार्चमधली गोष्ट. कमाटीबागेत सकाळी फिरता फिरता बाबा एका बाकावर बसले आणि एकदम म्हणाले, "मी दिलेली किडनीच खराब होती का गं?"

मला काय बोलावं ते सुचेना. चौदा महिन्यांपूर्वी बाबांनी आपली एक किडनी थोरल्या बहिणीला, म्हणजे माझ्या आत्याला दिली होती. त्याआधी सात वर्षं आत्या आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात होती. आतोबांना मधुमेह असल्यामुळे ते किडनी देऊ शकत नव्हते. बाबांची जुळली. ऑपरेशन झालं, नवी किडनी पहिल्याच दिवसापासून काम करू लागली, आणि बडोद्याला परत आल्यावर आमच्या वाड्यात पेढे वाटले गेले. आम्हाला वाटलं, संपलं एकदाचं.

पण वर्षभरात आत्या पुन्हा मलूल दिसू लागली. सारखी तहान, बद्धकोष्ठ, हाडं दुखणं, कशातच मन न लागणं. रक्ततपासणीत कॅल्शियम ११.८ आलं. साधारणपणे ते साडेआठ ते साडेदहाच्या आसपास असतं. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली, "भावाची किडनी मानवली नाही वाटतं." ती बाबांच्या कानावर गेली होती.

मी बी.ई. झालेली, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी. वैद्यकशास्त्राचा माझा काही संबंध नाही. पण त्या दिवशी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचंच असं मी ठरवलं. ते उत्तर किडनीत नव्हतंच, आत्याच्या गळ्यात होतं. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी कुणी ना कुणी किडनीच्या आजाराचा रुग्ण असतो, म्हणून ते सगळ्यांना सांगावंसं वाटलं.

तांदळाएवढ्या चार ग्रंथी

गळ्यात थायरॉइड ग्रंथी असते हे सगळ्यांना माहीत असतं. तिच्या मागच्या बाजूला तांदळाच्या किंवा मसुराच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, छोट्या ग्रंथी असतात. त्या पॅराथायरॉइड. नाव सारखं असलं तरी थायरॉइडच्या कामाशी त्यांचा संबंध नाही. एकेकीचं वजन तीस ते पन्नास मिलिग्रॅम. माणसाच्या शरीरातले मोठे अवयव शोधून झाले तरी या ग्रंथी नजरेतून सुटल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक भारतीय गेंडा मेला, त्याचं विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना अशी ग्रंथी दिसली. माणसात ती नीट दाखवून दिली ती १८८० साली, स्वीडनमधल्या उप्सालाच्या इव्हार सँडस्ट्रॉम नावाच्या विद्यार्थ्यानं.

या ग्रंथींचं काम एकच, रक्तातल्या कॅल्शियमवर लक्ष ठेवणं. त्यांच्या पेशींच्या पृष्ठभागावर कॅल्शियम ओळखणारा एक रिसेप्टर असतो. तो १९९३ मध्ये सापडला. कॅल्शियम जरा कमी झालं की पेशी पॅराथायरॉइड हॉर्मोन, म्हणजे पीटीएच, रक्तात सोडतात. हे हॉर्मोन हाडांना सांगतं, थोडं कॅल्शियम द्या. किडनीला तीन गोष्टी सांगतं: कॅल्शियम लघवीतून जाऊ देऊ नकोस, फॉस्फरस बाहेर टाक, आणि ड जीवनसत्त्व कामाच्या रूपात आण. कॅल्शियम पुरेसं झालं की पेशी गप्प बसतात. आमच्या भाषेत सांगायचं तर हा एक अतिशय नीटस फीडबॅक लूप आहे.

किडनी बिघडते तेव्हा

आत्याच्या किडन्या रक्तदाबामुळे निकामी झाल्या. किडनी मंदावली की फॉस्फरस पुरेसा बाहेर जात नाही. ड जीवनसत्त्वाचं काम करणारं रूप कमी तयार होतं. त्यामुळे जेवणातलं कॅल्शियम कमी शोषलं जातं. ग्रंथींना सारखा एकच निरोप मिळत राहतो: कॅल्शियम कमी आहे, आणखी हॉर्मोन पाहिजे.

सुरुवातीला असलेल्याच पेशी जास्त काम करतात. मग त्या आकारानं मोठ्या होतात. तरीही भागलं नाही की विभागून संख्या वाढवू लागतात. एरवी मोठ्या माणसाच्या पॅराथायरॉइडची पेशी क्वचितच विभागते. तिचं आयुष्य सरासरी वीस वर्षांच्या आसपास असावं असा अंदाज आहे. पण वर्षानुवर्षं हाक ऐकून ऐकून या शांत पेशी जाग्या होतात आणि पन्नास मिलिग्रॅमची ग्रंथी एक ग्रॅमच्याही पुढे जाऊ शकते.

इथपर्यंत समजल्यावर माझ्यातल्या इंजिनिअरला वाटलं, सोपं आहे. आमच्याकडे वेबसाइटवर गर्दी वाढली की सर्व्हर आपोआप वाढतात आणि गर्दी ओसरली की आपोआप बंद होतात. किडनी बदलली, म्हणजे गर्दीचं कारणच गेलं. मग जास्तीच्या पेशी बंद का झाल्या नाहीत?

हा प्रश्न मी आत्याच्या नेफ्रॉलॉजिस्टना विचारला. ते हसले आणि म्हणाले, "तुमचे सर्व्हर तुम्ही बटण दाबून बंद करता. पेशीला स्वतः मरावं लागतं. आणि या पेशींना मरायची घाई नसते."

पेशीची पानगळ

पेशी दोन तऱ्हांनी मरते. एक म्हणजे अपघाती मृत्यू. रक्तपुरवठा तुटला, विष लागलं, भाजलं, की पेशी फुगते, फुटते, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि आजूबाजूला सूज येते. दुसरा मृत्यू ठरवून येणारा. पेशी आक्रसते, तिच्यातली कॅस्पेज नावाची विकरं आतली रचना पद्धतशीर कापू लागतात, केंद्रकातला डीएनए तुकड्यांत वाटला जातो, पेशीची छोटी छोटी गाठोडी होतात आणि शेजारच्या पेशी ती गिळून टाकतात. सूज नाही, कचरा नाही. या मृत्यूला १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तीन शास्त्रज्ञांनी अपॉप्टोसिस हे नाव दिलं. ग्रीक भाषेतला हा शब्द झाडावरून पानं गळण्यासाठी आहे. आपण पानगळ म्हणू.

ही पानगळ काही आजार नाही, तिच्यामुळेच शरीर घडतं. एक मिलिमीटर लांबीचा एक पारदर्शक कृमी आहे. तो वाढताना त्याच्या शरीराच्या १०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या बरोबर १३१ ठरलेल्या वेळी मरतात. हे ज्यांच्या कामातून उलगडलं, त्या ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं. गर्भात आपली बोटं सुटी होतात तीही मधल्या पेशी अशा मरतात म्हणूनच.

म्हणजे ग्रंथी लहान व्हायची तर तिथे पानगळ व्हायला हवी. मला वाटलं होतं, आत्याच्या ग्रंथीत पेशी मरतच नसतील. तसंही नाही. किडनीच्या रुग्णांच्या वाढलेल्या ग्रंथी तपासल्यावर त्यात निरोगी ग्रंथीपेक्षा जास्त पेशी अपॉप्टोसिसनं मरताना आढळल्या आहेत. पण त्याच ग्रंथीत नव्या पेशी जन्मतातही जास्त. पानं गळताहेत, पण पालवी त्याहून वेगानं फुटते आहे. त्यामुळे झाड दाटच होत जातं.

कारण गेलं, तरी सवय राहिली

नवी किडनी बसल्यावर काय होतं? पहिल्या काही दिवसांत आणि महिन्यांत पीटीएच बरंच उतरतं, कारण प्रत्येक पेशी आपलं उत्पादन कमी करते. मग फुगलेल्या पेशी थोड्या बारीक होतात. पण पेशींची संख्या कमी व्हायची तर ती पानगळीनंच, आणि जिथे एका पेशीचं आयुष्य वर्षांमध्ये मोजतात तिथे हे काम महिन्यांत आटोपत नाही. गप्प बसलेली प्रत्येक पेशीसुद्धा थोडं हॉर्मोन सोडतेच. पेशी वीस-तीस पट झालेल्या असतील तर थोडं थोडं मिळूनही खूप होतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. सुरुवातीला चारही ग्रंथी सारख्या वाढतात. पण वर्षं गेली की एखाद्या पेशीत असा काही बदल होतो की ती बाकीच्यांपेक्षा वेगानं वाढते आणि तिच्या एकटीच्या वंशाची गाठ तयार होते. अशा बऱ्याच गाठी एकाच पेशीपासून उगवलेल्या असतात, हे १९९५ च्या सुमारास दिसून आलं. या गाठींमधल्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारे रिसेप्टर कमी असतात आणि ड जीवनसत्त्वाचेही कमी. म्हणजे "पुरे आता" हा निरोप त्यांना नीट ऐकूच येत नाही. मूळ कारण दूर झालं तरी या ग्रंथी स्वतःच्या मर्जीनं चालतात. या अवस्थेला डॉक्टर तृतीयक हायपरपॅराथायरॉइडिझम म्हणतात.

जपानमध्ये डॉक्टरांनी याचा एक साधा ठोकताळा ठरवला आहे. सोनोग्राफीत ग्रंथी एक सेंटिमीटरपेक्षा मोठी दिसली, तर तिच्यात अशा गाठी झालेल्या असण्याची शक्यता बरीच असते. आत्याची सर्वांत मोठी ग्रंथी १.७ सेंटिमीटर होती.

बाबांना मिळालेलं उत्तर

पुढच्या भेटीला मी बाबांना मुद्दाम बरोबर नेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवला. क्रिएटिनिन १.१. कॅल्शियम ११.८. फॉस्फरस २.१, म्हणजे कमी. पीटीएच ४१२, जे साधारण ६५ च्या आत असायला हवं.

"हे बघा," डॉक्टर म्हणाले, "पीटीएच किडनीला काय सांगतं? कॅल्शियम धरून ठेव, फॉस्फरस फेकून दे. तुमची किडनी दोन्ही गोष्टी तंतोतंत करते आहे. किडनी खराब असती तर फॉस्फरस इतका खाली गेलाच नसता. हुकूम चुकीचा येतोय, पाळणारा चोख आहे."

बाबा काही बोलले नाहीत. परतताना गाडीत त्यांनी तो रिपोर्ट आत्याच्या पिशवीतून मागून घेतला आणि घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला.

मग उपाय काय?

मी विचारलं, "या पेशींना मरायला लावता येत नाही का?" प्रश्न वेडगळ नव्हता. सिनाकॅल्सेट नावाचं औषध आहे. अमेरिकेत ते २००४ मध्ये मान्य झालं. ते कॅल्शियमच्या रिसेप्टरला जास्त संवेदनशील करतं, म्हणजे पेशीला वाटतं कॅल्शियम भरपूर आहे. त्यानं हॉर्मोन उतरतं. उंदरांवरच्या प्रयोगांत पेशींची वाढ मंदावलेली दिसली आणि काही प्रयोगांत पेशी अपॉप्टोसिसनं मरतानाही दिसल्या. काही रुग्णांच्या सोनोग्राफीत ग्रंथी लहान झाल्या. पण माणसात या औषधाचा भरवशाचा गुण म्हणजे पेशींना गप्प करणं. औषध थांबवलं की त्या पुन्हा बोलू लागतात.

जपानमध्ये अशा गाठींत सोनोग्राफीच्या मदतीनं सुई घालून अल्कोहोलही टोचत. त्यानं पेशी मरतात, पण तो पानगळीचा शांत मृत्यू नव्हे, जाळून टाकणं आहे. शेजारून आवाजाची नस जाते, तिला इजा होण्याची भीती असते. क्वचित असंही होतं की फार मोठ्या झालेल्या ग्रंथीचा रक्तपुरवठा आपोआप तुटतो, ती आतून मरते आणि कॅल्शियम अचानक कोसळतं. लोकांना वाटतं आजार बरा झाला. पण कडेच्या जिवंत राहिलेल्या पेशींपासून तो परत येऊ शकतो, म्हणून तपासण्या सोडायच्या नसतात.

आत्याला काही महिने औषध देऊन पाहिलं. तिला मळमळ फार व्हायची आणि कॅल्शियम पुन्हा वर जायचं. शेवटी ऑपरेशन ठरलं: साडेतीन ग्रंथी काढायच्या, अर्धी ठेवायची. सगळ्याच काढल्या तर कॅल्शियम सांभाळायला कुणी उरत नाही.

ऑपरेशन चालू असतानाच रक्त तपासतात, ही गोष्ट मला फार आवडली. पीटीएच रक्तात काही मिनिटांतच निम्मं होतं. त्यामुळे ग्रंथी काढल्यावर दहा मिनिटांनी घेतलेल्या नमुन्यात आकडा निम्म्याच्या खाली आला, तर सर्जनना कळतं की काम झालं. आत्याचा आकडा ३९० वरून ७१ वर आला. काढलेल्या ग्रंथींत सर्वांत मोठी १.४ ग्रॅमची होती. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, गाठीयुक्त वाढ.

पुढचे पंधरा दिवस उलटीच धावपळ. वर्षानुवर्षं ओरबाडली गेलेली हाडं आता रक्तातलं कॅल्शियम अधाशासारखी ओढून घेत होती. आत्याच्या ओठांना आणि बोटांना मुंग्या येत. आधी सलाइनमधून आणि मग गोळ्यांनी कॅल्शियम द्यावं लागलं. हेही अपेक्षितच होतं, आम्हाला आधी सांगितलेलं होतं, म्हणून घाबरलो नाही.

लपवलेला कॉलम

आता माझी चूक सांगते. डायलिसिसच्या सातही वर्षांचे आत्याचे रिपोर्ट मी एका एक्सेल शीटमध्ये भरत असे. हिमोग्लोबिन, पोटॅशियम, क्रिएटिनिन यांना मी रंग दिले होते. पीटीएचची तपासणी वर्षातून दोन-तीनदाच व्हायची, आकडा समजायचा नाही, म्हणून तो कॉलम मी हाइड करून ठेवला होता. ऑपरेशननंतर मी तो उघडला. ४८०, ७६०, ११००, १३८०. डायलिसिसच्या रुग्णात पीटीएच थोडं जास्त चालतं, नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या दुप्पट ते नऊपट. आत्या चौथ्या वर्षीच त्यापलीकडे गेली होती. ग्रंथी वाढत होत्या, तेव्हाच त्या दिसत होत्या. मी पडदा ओढून ठेवला होता.

आणि घरातली दुसरी चूक. फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या घासाबरोबर घ्यायच्या असतात, कारण त्या पोटात अन्नातल्या फॉस्फरसला धरतात. आत्या आमच्या सगळ्यांना वाढून शेवटी जेवायची. गोळ्या वाटीत काढून ठेवलेल्या असायच्या. त्या कधी जेवणानंतर तासाभरानं घेतल्या जायच्या, कधी वाटीतच राहायच्या. आम्ही कुणी पाहिलं नाही.

म्हणून तुमच्या घरी किडनीचा रुग्ण असेल तर एवढं करा. क्रिएटिनिनबरोबर कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच आणि ड जीवनसत्त्व यांचे आकडेही लिहून ठेवा आणि त्यांचा कल कुठे चालला आहे ते डॉक्टरांना विचारा. किडनीच्या दीर्घ आजाराच्या तिसऱ्या टप्प्यापासूनच याकडे लक्ष द्यायचं असतं, डायलिसिसची वाट पाहायची नसते. पाकिटातले पदार्थ, प्रोसेस्ड चीज आणि काळी शीतपेयं यांत मिसळलेला फॉस्फेट सहज शोषला जातो, तो टाळा. डाळ, दूध किती घ्यायचं ते आहारतज्ज्ञांना विचारा, स्वतःच्या मनानं बंद करू नका. कॅल्शियम किंवा ड जीवनसत्त्वाच्या गोळ्याही मनानं सुरू करू नका. ट्रान्सप्लांट ठरलं असेल तर आधी विचारा, पीटीएच किती आहे, ग्रंथी मोठ्या झाल्या आहेत का. आणि घरातल्या बाईला पहिल्या पंगतीला बसवा, गोळी तिच्या ताटाशेजारी ठेवा.

या ग्रंथीच्या पेशी कामाला लवकर लागतात, पण निवृत्त व्हायला फार उशीर करतात. त्यांना वाढूच न देणं हे, वाढल्यावर त्यांच्या मरणाची वाट पाहण्यापेक्षा सोपं आहे.

आत्या आता बरी आहे. गेल्या भाऊबीजेला ओवाळताना ती बाबांना म्हणाली, "तुझी किडनी चांगली आहे रे, माझाच गळा हट्टी होता." बाबा हसले. तो २०१९ चा रिपोर्ट अजून त्यांच्या कपाटात आहे, भाऊबीजेच्या पाकिटांच्या खाली.